समुद्राला दोन महिने ताप आला, गवताला सावरायला वर्षं लागतायत! शार्क बेमध्ये नेमकं काय घडलं?

फेब्रुवारी २०११. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा उन्हाळा सुरू होता, कारण तिकडे डिसेंबर ते फेब्रुवारी हे उन्हाळ्याचे महिने असतात. त्या वर्षी तिथल्या समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअसने जास्त तापलं आणि दोन महिन्यांहून अधिक काळ तसंच तापलेलं राहिलं.

दोन-चार अंशांनी काय एवढं बिघडतं, असं तुम्हाला वाटू शकतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४२ वरून ४५ वर गेला, तर आपण दुपारी घराबाहेर पडत नाही, कूलर लावतो, ताक पितो आणि पहिला पाऊस पडला की सगळं विसरतो. पण समुद्राच्या तळाशी उगवलेल्या गवताला उठून सावलीत जाता येत नाही.

याच किनाऱ्यावर शार्क बे नावाचा मोठा उपसागर आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या समुद्री गवताच्या कुरणांपैकी काही कुरणं तिथे आहेत. उष्णतेच्या त्या लाटेनंतरच्या काही वर्षांत शार्क बेमधलं सुमारे १,३०० चौरस किलोमीटर गवत नाहीसं झाल्याचं संशोधकांना आढळलं. मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढी जागा होते, त्याच्या दुपटीहून जास्त. भारताच्या सगळ्या किनाऱ्यांवर मिळून समुद्री गवताचं क्षेत्र साधारण ५०० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, हे लक्षात घेतलं की या आकड्याचा अंदाज येतो.

पण ही गोष्ट फक्त त्या दोन महिन्यांची नाही. पाणी थंड झाल्यावर पुढे जे घडत गेलं, ते जास्त गंभीर आहे. म्हणूनच हे प्रकरण समजून घेऊया.

आधी एक गैरसमज दूर करू: हे शेवाळ नाही

समुद्री गवत म्हटलं की डोळ्यांसमोर खडकांवरचं हिरवं, बुळबुळीत शेवाळ येतं. पण दोन्ही वेगळे आहेत. शेवाळाला खरी मुळं नसतात, फुलं येत नाहीत. समुद्री गवताला मुळं, खोड, पानं, फुलं आणि बिया असं सगळं असतं. म्हणजे ते आपल्या शेतातल्या वनस्पतींसारखंच आहे, फक्त खाऱ्या पाण्यात बुडून राहतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीवरच्या काही वनस्पतींनी पुन्हा समुद्रात मुक्काम हलवला, त्यांचे हे वंशज. जगभरात याच्या साधारण ६० ते ७० जाती आहेत.

हे गवत पसरतं कसं? शेतात हरळी कशी पसरते ते आठवा. जमिनीलगत आडवं खोड धावत जातं आणि थोड्या थोड्या अंतरावर त्याला नवे फुटवे येतात. समुद्री गवताचंही तसंच असतं. त्याचं आडवं खोड वाळूच्या खाली असतं. हळद आणि आल्याचं जे खोड जमिनीखाली वाढतं आणि अन्न साठवतं, त्याच प्रकारचं. या साठ्याकडे लक्ष ठेवा, पुढे त्याचं महत्त्व कळेल.

फरक एवढाच की हरळी कितीही उपटली तरी परत येते. शार्क बेमधल्या मोठ्या जाती मात्र फार सावकाश वाढतात.

शार्क बे एवढं खास का?

पर्थ शहरापासून उत्तरेला साधारण ८०० किलोमीटरवर शार्क बे आहे. १९९१ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. तिथले मूळ रहिवासी म्हणजे मालगाना लोक. त्यांच्या भाषेत या जागेचं नाव 'गाथागुडू' आहे.

इथे समुद्री गवताच्या १२ जाती सापडतात. त्यातल्या दोन महत्त्वाच्या. पहिली 'वायर वीड', म्हणजे तारेसारखी बारीक, चिवट खोडं आणि त्यांच्या टोकाला पानांचे झुबके. दुसरी 'रिबन वीड', म्हणजे फितीसारखी लांब पानं.

या गवताने अक्षरशः इथला भूगोल घडवला आहे. पानांमुळे पाण्याचा वेग कमी होतो, वाहत आलेली वाळू आणि गाळ खाली बसतो, मुळं त्याला धरून ठेवतात. हजारो वर्षं असं होत राहिल्यामुळे पाण्याखाली मोठमोठे उंचवटे तयार झाले. त्यामुळे उपसागराच्या आतल्या भागात समुद्राचं ताजं पाणी फारसं पोहोचत नाही आणि हॅमेलिन पूल या भागातलं पाणी नेहमीच्या समुद्राच्या साधारण दुप्पट खारं झालं. एवढ्या खाऱ्या पाण्यात सूक्ष्मजीवांना खाणारे बहुतेक प्राणी टिकत नाहीत. म्हणून तिथे सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून बनवलेले स्ट्रोमॅटोलाइट नावाचे खडकासारखे उंचवटे आजही वाढताना दिसतात. पृथ्वीवरच्या अगदी सुरुवातीच्या सजीवांच्या खुणा अशाच स्वरूपात सापडतात.

आता गोची कुठे आहे बघा. वायर वीड आणि रिबन वीड या दोन्ही मुळात थंड, समशीतोष्ण पाण्यातल्या जाती. शार्क बे हा त्यांच्या प्रदेशाचा उत्तरेकडचा, म्हणजे सर्वांत उष्ण शेवट. तिथे त्या आधीपासूनच सहन होईल तेवढ्या गरम पाण्यात राहत होत्या. त्यात आणखी दोन-चार अंशांची भर पडली.

समुद्रात उष्णतेची लाट कशी ठरवतात?

जमिनीवरच्या उष्णतेच्या लाटेची बातमी आपण दर उन्हाळ्यात वाचतो. समुद्रासाठीही शास्त्रज्ञांनी मोजमाप ठरवलं आहे. एखाद्या ठिकाणच्या वर्षातल्या त्या दिवसांच्या साधारण ३० वर्षांच्या नोंदी घ्यायच्या. त्यातल्या ९० टक्के नोंदींपेक्षा पाणी जास्त गरम असेल आणि ही परिस्थिती सलग किमान ५ दिवस टिकली, तर तिला सागरी उष्णतेची लाट म्हणायचं. या व्याख्येत 'त्या ठिकाणचं आणि त्या दिवसांतलं' तापमान महत्त्वाचं आहे. त्यामुळे अशी लाट हिवाळ्यातसुद्धा येऊ शकते.

२०११ मध्ये काय झालं? तेव्हा प्रशांत महासागरात जोरदार 'ला निन्या' होता. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारा लीउविन हा उबदार प्रवाह नेहमीपेक्षा खूप जोरात वाहू लागला आणि विषुववृत्ताकडचं गरम पाणी खाली आलं. त्या भागात येणाऱ्या अशा घटनेला आता 'निंगालू निन्यो' असं नाव आहे. 'सागरी उष्णतेची लाट' हा शब्दप्रयोग शास्त्रज्ञांमध्ये रूढ होण्यातही २०११ च्या या घटनेचा मोठा वाटा आहे.

ला निन्या हा नैसर्गिक प्रकार आहे. मग हवामान बदलाचा संबंध कुठे येतो? हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता अडकते, तिच्यातली ९० टक्क्यांहून जास्त उष्णता समुद्र शोषून घेतो. म्हणजे समुद्राचं मूळ तापमानच वर सरकलंय. त्यावर नैसर्गिक चढ आला की तो पूर्वीपेक्षा जास्त उंचीवर जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या हवामानविषयक समितीनुसार, १९८० च्या दशकापासून सागरी उष्णतेच्या लाटांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं आहे.

गरम पाण्यात गवत मरतं कसं?

ते भाजीसारखं शिजून मरतं का? नाही. ते उपासमारीने मरतं.

गवताचा संसार आपल्या घरखर्चासारखा समजा. दिवसा सूर्यप्रकाशात पानं अन्न तयार करतात, ही झाली कमाई. जिवंत राहण्यासाठी वनस्पती चोवीस तास श्वसन करते आणि त्यात अन्न खर्च होतं, हा झाला खर्च. पाणी तापलं की श्वसन वाढतं, म्हणजे खर्च वाढतो. सुरुवातीला कमाईही थोडी वाढते, पण एका मर्यादेनंतर ती वाढायची थांबते आणि मग घसरते. खर्च मात्र वाढतच राहतो.

अशा वेळी आपण काय करतो? एफडी मोडतो. गवतही तेच करतं. वाळूखालच्या खोडात साठवलेलं पिष्ट बाहेर काढून दिवस ढकलतं. आठवडाभराची लाट असेल तर हा साठा पुरतो. दोन महिन्यांची असेल तर तो संपत जातो.

याच काळात दुसरा धोका खालून येतो. समुद्रतळाच्या गाळात ऑक्सिजन जवळपास नसतो. तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलातून सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तोच हा वायू. निरोगी गवत पानांत तयार झालेला ऑक्सिजन मुळांपर्यंत पोहोचवतं आणि या विषाला लांब ठेवतं. अशक्त झालेल्या गवताकडे तेवढा ऑक्सिजन उरत नाही. शिवाय गरम पाण्यात मुळातच कमी ऑक्सिजन विरघळतो आणि जिवाणू जास्त जोमाने काम करतात. मग विष मुळांत शिरतं.

त्यात नदीला पूर आला

शार्क बेचं दुर्दैव असं की त्याच उन्हाळ्यात जवळच्या नद्यांना मोठे पूर आले. वूरामेल नदीने आणलेला मातकट गाळ उपसागराच्या पूर्व भागात पसरला. पाणी गढूळ झालं आणि तळापर्यंत ऊन पोहोचेना.

वरच्या हिशेबात हे बसवून बघा. गरम पाण्यामुळे खर्च वाढलेला आणि गढूळ पाण्यामुळे कमाई घटलेली. ज्या वेळी गवताला सर्वांत जास्त उजेडाची गरज होती, नेमका त्याच वेळी उजेड गेला. वायर वीडची पानं झडली आणि नुसत्या काड्या उरल्या. काही भागांत तर ९० टक्क्यांहून जास्त वायर वीड गेलं.

रिबन वीडच्या पानांनी तुलनेने तग धरला. पण त्या काळात त्याच्या बिया पूर्ण तयार होण्याआधीच वाया गेल्या. म्हणजे वरून कुरण हिरवं दिसत होतं, पण पुढची पिढी तयार होत नव्हती.

पाणी थंड झालं, मग गवत परत का आलं नाही?

वायर वीडच्या काही उरलेल्या काड्यांना नंतर नवी पानं फुटली. वरवर पाहिलं तर सुधारणा दिसत होती. पण संशोधकांनी वाळूखाली तपासलं तेव्हा लाटेनंतर दोन वर्षांनीही खोड-मुळांची घसरण सुरूच होती. नवी पानं फुटायला लागणारं भांडवलही त्याच साठ्यातून जात होतं.

दुसरी अडचण रोपांची. वायर वीडची पद्धत फार वेगळी आहे. कोकणात कांदळवनं पाहिली असतील, तर तुम्हाला ती लगेच कळेल. कांदळाच्या काही जातींची बी झाडावर असतानाच रुजते आणि तयार रोप खाली पडतं. वायर वीडचंही तसंच. रोप आईच्या अंगावरच वाढतं, मग सुटून पाण्याबरोबर वाहत जातं. त्याच्या बुडाशी कंगव्यासारखे छोटे आकडे असतात. तळाशी एखादी काडी, मूळ, शिंपला मिळाला की ते आकडे त्यात अडकतात आणि रोप तिथे वस्ती करतं. आता कल्पना करा, आईवडील झाडंच मेली असतील तर रोपं येणार कुठून? आणि तळाशी फक्त उघडी वाळू असेल तर ती अडकणार कशाला?

तिसरी गोष्ट म्हणजे जागा रिकामी राहत नाही. काही ठिकाणी वायर वीडच्या जागी उष्ण पाण्यातलं एक बुटकं, बारीक पानांचं गवत आलं. डुगाँगला ते आवडतंसुद्धा. पण ते उंच, दाट जंगलासारखं नसतं. लहान माशांना लपायला तेवढी जागा मिळत नाही, गाळही तेवढा धरला जात नाही. 'गवत परत आलं' असं म्हणताना कोणतं गवत आलं, हे विचारावं लागतं ते यासाठी.

शार्कचाही इथे संबंध आहे. शार्क बेमध्ये टायगर शार्क असतात. त्यांच्या भीतीने डुगाँग काही भागांत जास्त वेळ चरत नाहीत. संशोधकांनी एक प्रयोग केला. शार्क नसते तर डुगाँगनी तळ कसा उकरला असता, तसं पाणबुड्यांनी स्वतः उकरून पाहिलं. तिथे वायर वीड आणखी घटलं आणि त्याचं सावरणं अवघड झालं. थोडक्यात काय, तर शिकारी प्राणी शिल्लक असतील तर कुरणाला सावरायची संधी मिळते.

लोणच्याची बरणी उघडी पडली

आता या प्रकरणाचा आपल्या सगळ्यांशी थेट संबंध येतो.

समुद्री गवत हवेतला आणि पाण्यातला कार्बन घेऊन वाढतं. मेलेली मुळं, पानं आणि अडकलेला गाळ तळाशी साठत जातो. तिथे ऑक्सिजन नसल्याने तो लवकर कुजत नाही. बरणीतलं लोणचं तेलाखाली असेपर्यंत वर्षभर टिकतं, तसंच. शार्क बेच्या तळाशी असा सुमारे ४,००० वर्षांचा साठा आहे. जगातल्या समुद्री गवताखाली वरच्या एक मीटर थरात जेवढा कार्बन आहे, त्यातला सुमारे १.३ टक्के एकट्या शार्क बेमध्ये आहे.

गवत मेलं की तेलाचा थर गेला. लाटा आणि प्रवाहांनी गाळ ढवळला जातो, त्याला ऑक्सिजन लागतो आणि हजारो वर्षं शांत पडलेला कार्बन पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडू लागतो.

२०१८ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात याबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शार्क बेमधल्या ३६ टक्के कुरणांचं नुकसान झालं आणि त्यापुढच्या तीन वर्षांत २० लाख ते ९० लाख टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला असावा, असा त्यातला अंदाज आहे. २० आणि ९० लाखांत एवढं अंतर का? तर उघड्या पडलेल्या गाळाला नेमका किती ऑक्सिजन लागला, यावर हा आकडा अवलंबून आहे. संशोधकांनी १० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंतच्या शक्यता धरल्या. ऑस्ट्रेलियात जंगलतोड वगैरे जमिनीच्या वापरातल्या बदलांमुळे दरवर्षी जेवढं उत्सर्जन होतं, त्यात यामुळे ४ ते २१ टक्क्यांची भर पडते.

म्हणजे चक्र असं झालं: हवेतल्या कार्बनमुळे समुद्र तापला, तापलेल्या समुद्रात गवत मेलं, मेलेल्या गवताखालून आणखी कार्बन बाहेर आला.

कासवं, खेकडे, डॉल्फिन

हिरवी समुद्री कासवं आणि डुगाँग यांचं मुख्य अन्न हेच गवत. एक मोठा डुगाँग दिवसाला ३० ते ४० किलो गवत खातो. लाटेनंतरच्या दोन वर्षांत शार्क बेमधल्या हिरव्या कासवांची तब्येत खालावल्याचं दिसून आलं.

डॉल्फिन गवत खात नाहीत. पण ते ज्या माशांवर जगतात, त्या माशांची पिल्लं गवतात वाढतात. झ्युरिक विद्यापीठाच्या संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला. लाटेनंतर इथल्या डॉल्फिनच्या जगण्याचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी घटलं आणि माद्यांना पिल्लं कमी होऊ लागली. हा परिणाम नंतर अनेक वर्षं टिकला. यात एक रंजक गोष्ट आहे. इथले काही डॉल्फिन तोंडावर समुद्री स्पंज धरून तळाशी मासे शोधतात. त्यांच्यावर झालेला परिणाम तुलनेने कमी होता, कारण त्यांना खोल पाण्यातलं वेगळं अन्न मिळवता येत होतं.

माणसांनाही फटका बसला. निळे खेकडे आणि स्कॅलप नावाचे शिंपले इतके घटले की २०१२ मध्ये त्यांची व्यावसायिक मासेमारी थांबवावी लागली. यात गरम पाण्याचा थेट परिणामही होता, सगळा दोष गवत गेल्यावर टाकता येणार नाही. पण ज्यांच्या बोटी धक्क्याला लागून राहिल्या, त्यांना कारणांची टक्केवारी वाटून घेऊन उपयोग नव्हता.

१८० किलोमीटरचं एकच रोपटं

२०२२ मध्ये शार्क बे पुन्हा बातम्यांत आलं. तुम्हीही कदाचित ती पोस्ट पाहिली असेल: 'जगातली सर्वांत मोठी वनस्पती सापडली!'

झालं असं की युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांना गवत पुन्हा लावण्यासाठी वेगवेगळ्या जनुकांची रोपं निवडायची होती. त्यांनी दहा ठिकाणच्या रिबन वीडचे नमुने तपासले. त्यातल्या नऊ ठिकाणी एकच रोप निघालं! एका बीपासून सुरू झालेलं हे रोप आडव्या खोडाने पसरत पसरत १८० किलोमीटरपर्यंत गेलं होतं. त्याचं वय किमान ४,५०० वर्षं असावं असा अंदाज आहे. त्याच्यात नेहमीपेक्षा दुप्पट गुणसूत्रं आहेत.

हे रोप २०११ ची लाटसुद्धा सोसून उभं राहिलं, ही चांगली बातमी. पण एकाच रोपावर एवढं मोठं क्षेत्र अवलंबून असणं ही काळजीची बाजूही आहे. बियांतून नवी पिढी येते तेव्हा प्रत्येक रोप थोडं वेगळं असतं, त्यातलं एखादं जास्त उष्णता सोसणारं निघतं. एकाच रोपाच्या फुटव्यांमध्ये अशी निवड व्हायला फारसा वाव नसतो.

गवत परत लावता येतं का?

येतं, पण सोपं नाही. शार्क बेमध्ये मालगाना समाजाचे रेंजर्स आणि शास्त्रज्ञ मिळून हे काम करतायत. एक पद्धत तर अगदी साधी आहे. गोणपाटाच्या लांब नळ्या शिवायच्या, त्यात वाळू भरायची आणि त्या समुद्रतळावर ठेवायच्या. वायर वीडच्या रोपांना ते आकडे असतात ना, ते गोणपाटाच्या धाग्यांत अडकतात. रोपाला मुळं धरायला वेळ मिळतो आणि काही काळाने गोणपाट कुजून जातं. रिबन वीडसाठी चांगल्या कुरणातून फुटवे आणून लावले जातात.

पण १,३०० चौरस किलोमीटर हाताने लावणं शक्य नाही. जिथे आपोआप सुरुवात होत नाही तिथे सुरुवात करून द्यायची, असा हा प्रयत्न आहे. आणि त्याला वेळ हवा. नेमकी तीच गोष्ट कमी पडतेय. २०२४-२५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर पुन्हा मोठी सागरी उष्णतेची लाट आली. शार्क बेच्या उत्तरेला असलेल्या निंगालूचे प्रवाळ तेव्हा पांढरे पडले. दोन लाटांमधलं अंतर कुरणाच्या सावरण्याच्या काळापेक्षा कमी झालं, तर प्रत्येक लाट आधीच्या जखमेवरच बसते.

आपल्याकडे काय परिस्थिती आहे?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल यांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८२ ते २०१८ या काळात पश्चिम हिंदी महासागरात सागरी उष्णतेच्या ६६ लाटा आणि बंगालच्या उपसागरात ९४ लाटा नोंदवल्या गेल्या. पश्चिम हिंदी महासागरात दर दशकाला साधारण दीड लाट या वेगाने हे प्रमाण वाढतंय. अशा लाटांमुळे मध्य भारतातला मान्सूनचा पाऊस घटतो, असंही या अभ्यासात दिसलं. म्हणजे समुद्र तापल्याचा हिशेब विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यापर्यंत येऊ शकतो.

भारतातली समुद्री गवताची मोठी कुरणं तमिळनाडूजवळ पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारच्या आखातात आहेत. याशिवाय अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, कच्छचं आखात आणि चिलिका सरोवरातही समुद्री गवत आहे. मे २०२० मधल्या लाटेनंतर मन्नारच्या आखातातले ८५ टक्के प्रवाळ पांढरे पडल्याचं पाहणीत आढळलं होतं. त्याच परिसरात गवतही आहे आणि त्यावर जगणारे मोजके डुगाँगही. सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं. भारतातलं हे अशा प्रकारचं पहिलंच.

शार्क बेमधून आपल्याला घेण्यासारखा धडा कोणता? समुद्राचं तापमान एखादं गाव किंवा राज्य कमी करू शकत नाही, त्यासाठी जगाला उत्सर्जन कमी करावं लागेल. पण पाणी किती स्वच्छ राहील, हे बऱ्याच अंशी स्थानिक निर्णयांवर ठरतं. सांडपाणी, किनाऱ्यावरचे भराव, तळ खरवडणारी ट्रॉलरची जाळी, नद्यांतून येणारा गाळ यांमुळे पाणी गढूळ होतं आणि गवताची कमाई बुडते. खर्च वाढणारच आहे, हे माहीत असताना निदान कमाई तरी चालू ठेवता येते.

थोडक्यात सांगायचं तर

- समुद्री गवत हे शेवाळ नसून मुळं, फुलं, बिया असलेली वनस्पती आहे.
- सागरी उष्णतेच्या लाटेत त्याचा अन्नाचा खर्च वाढतो, साठा संपतो आणि ते उपासमारीने मरतं. पाणी गढूळ असेल तर आणखी लवकर.
- २०११ च्या लाटेनंतर शार्क बेमध्ये सुमारे १,३०० चौरस किलोमीटर गवत गेलं आणि तळाशी साठलेला कार्बन बाहेर पडू लागला.
- लाट दोन महिन्यांची होती. कासवं, डॉल्फिन, मच्छीमार यांच्यावरचे परिणाम पुढे अनेक वर्षं राहिले.

जंगलाला आग लागली की धूर दिसतो, व्हिडिओ व्हायरल होतात, मदत धावते. समुद्राखालचं कुरण मरतं तेव्हा वरून पाणी तसंच निळं दिसत राहतं. शार्क बेमध्ये पाणबुड्यांनी वाळू उकरून मुळं तपासली आणि उपग्रहाच्या चित्रांतून आधीची-नंतरची तुलना झाली, म्हणून निदान काय गमावलं हे तरी कळलं. पाल्कच्या उपसागरातल्या गवतावरही लाट येण्याआधीच अशी नजर ठेवली गेली, तर त्याला वाचवायला थोडा वेळ हाती राहील.